अज़ाबापूर्वीची मुदत : निनवेवासीयांची तौबा

सावध केल्यावाचून अल्लाह कोणत्याही समाजाला शिक्षा देत नाही, हा नियम दिव्य कुरआनात स्पष्ट आहे (१७:१५). पूर्वीचे ग्रंथ आज मूळ रूपात उरलेले नाहीत, अशी आपली श्रद्धा आहे. तरीही त्यांत जे कुरआनाशी जुळते, त्यावर चिंतन करणे उपकारकच ठरते. यहुद्यांच्या इब्रानी धर्मग्रंथातील योनाचे चार अध्यायांचे पुस्तक असेच आहे. योना म्हणजेच आपले हजरत यूनुस (अलै.).

निनवे हे दजला नदीकाठचे अश्शूरी नगर. त्याचे अवशेष आजच्या इराकमधील मोसुल येथे आहेत. चाळीस दिवसांत नगराचा नाश होईल, एवढाच इशारा त्याला मिळाला, असे ते पुस्तक सांगते. त्यात क्षमेचे आश्वासन नव्हते; पण मुदत होती, आणि लोकांनी त्या मुदतीतच आशा पाहिली. राजा सिंहासनावरून उतरून गोणपाट नेसून राखेत बसला. माणसांसह जनावरांनाही उपवास घडला. तथापि यहुदी धर्मपंडित उपवासाच्या दिवशी बजावीत असत की, ईश्वराने त्यांचे गोणपाट पाहिले असे ग्रंथ म्हणत नाही. त्यांनी दुष्कर्मे सोडली, हे पाहिले असे म्हणतो. ऐन वेळी ईमान आणून अज़ाबातून वाचलेली वस्ती म्हणून सूरह यूनुस (१०:९८) याच लोकांचा उल्लेख करते.

पुढे त्या पुस्तकात नगर वाचल्याने योना खिन्न होतो, सावली देणारी वेल सुकल्यावर हळहळतो. तेव्हा ईश्वर विचारतो की, तू एका वेलीसाठी कष्टी होतोस, तर एक लाख वीस हजारांहून अधिक अजाण माणसांची आणि मुक्या जनावरांची मी कीव करू नये काय? नबींच्या शानीत असे चित्रण आपण स्वीकारत नाही. कुरआनात ती वेल दुर्बल झालेल्या यूनुस (अलै.) यांच्यावरील कृपाछत्र आहे (३७:१४६), आणि त्यांची पाठवणी एक लाख किंवा त्याहून अधिक लोकांकडे झाली आहे. मात्र रहमतीचा धागा दोन्हीकडे एकच आहे.

ताइफमध्ये दगडांचा मारा सोसलेल्या प्रेषितांना (स.) द्राक्षे आणून देणारा अद्दास निनवेचाच होता, असे सीरतकार लिहितात. त्याच परतीच्या वाटेवर पर्वतांच्या फरिश्त्याने शत्रूंना चिरडण्याची अनुज्ञा मागितली. प्रेषितांनी (स.) नकार दिला, त्यांच्या वंशातून अल्लाहचे उपासक निपजतील, ही आशा त्यांनी धरली.

वाचकहो, वाट चुकलेल्या मुलाला वा भावाला आपण जहन्नमचे भय दाखवतो, तेव्हा तो परतावा ही तळमळ मनात असते, की आपले बोल खरे ठरावेत ही इच्छा? निनवेला चाळीस दिवस मोजून मिळाले होते. आपले किती उरले, हे ठाऊक नाही. म्हणून तौबा आजच करावी, आणि दुसऱ्याच्या तौबेचे दार आपण बंद करू नये.

अल्लाह आपणा सर्वांना याची सद्बुद्धी देवो. आमीन.