थर्मल दुर्बीण, रानडुक्कर आणि रात्रीची जागल : घ्यायच्या आधी हे वाचा



मागच्या पंधरा दिवसांत गटावर एकच व्हिडिओ चार-पाच जणांनी टाकला. काळ्या पडद्यावर पांढरी डुकरं पळताहेत, बार होतो, एकेक आडवं पडतं. खाली प्रश्न : "साहेब, ही दुर्बीण कंपनीमार्फत मिळेल का? हरभरा घाट्यावर आलाय, डुकरं एका रात्रीत अर्धा एकर लोळवून जातात."

प्रश्न रास्त आहे. ज्याचं पीक उकरलं जातं त्यालाच कळतं. म्हणून आज जरा लांब लिहितोय. पूर्ण वाचा, घरच्यांनाही वाचून दाखवा.

*तो व्हिडिओ कुठला?*

अमेरिकेतल्या टेक्सासचा. तिथली डुकरं मूळची तिथली नाहीत. बाहेरून आणलेली पाळीव डुकरं सुटून रानटी झाली, म्हणून जमीनमालकाची संमती असली की तिथे ती रात्रीसुद्धा मारता येतात. आपल्याकडचं रानडुक्कर इथलंच आहे आणि वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ त्याला लागू आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, रानडुक्कर आणि रोही अनुसूची २ मध्ये आहेत. काळवीट अनुसूची १ मध्ये, बिबट्या आणि लांडगाही तिथेच.

या कायद्यात 'शिकार' म्हणजे फक्त गोळी घालणं नव्हे. फासा लावणं, विष घालणं, सापळा लावणं, जखमी करणं, यातलं काही करायचा प्रयत्न करणंही शिकारच. साधारण गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. अनुसूची १ मधल्या जनावराला हात लावला तर कमीत कमी ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ७.

*मग मारताच येत नाही का?*

येतं, पण परवानगीने. कलम ११ प्रमाणे अनुसूची २ मधलं जनावर उभ्या पिकाला धोकादायक ठरलं तर लेखी आदेशाने मारायची परवानगी देता येते. २०१५ मध्ये राज्य शासनाने रानडुक्कर आणि रोह्यांच्या बाबतीत हे अधिकार खाली वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत आणले. अर्जाला सातबारा, गट नंबर, पीक आणि नुकसानीचे फोटो जोडा. कागद हातात आला की त्यातल्या अटी नीट वाचा : कोण मारणार, कुठल्या गटात, किती दिवसांत. मेलेलं जनावर शासनाची मालमत्ता असते. वाटे घातले की परवानगी असूनही गुन्हा.

हरणांचं वेगळं आहे. 'हरणांनी सोयाबीन शेंड्यापासून खाल्लं' अशी तक्रार सगळीकडून येते, पण काळवीट अनुसूची १ मध्ये असल्याने पीक खाल्लं या कारणावर त्याला मारायची परवानगी कोणीच देऊ शकत नाही. तिथे कुंपण, राखण आणि भरपाई एवढेच मार्ग आहेत. मध्य प्रदेशात शाजापूर भागात २०२५ च्या शेवटी हेलिकॉप्टरने हाकलून, मोठ्या जाळीबंद वाटेत घालून, आठशेहून जास्त काळवीट पकडले आणि अभयारण्यात नेऊन सोडले. आपल्याकडे असं व्हावं ही मागणी ग्रामसभेच्या ठरावातून करता येईल. माझ्या मते करायलाच पाहिजे.

*आता दुर्बिणीबद्दल*

थर्मल दुर्बीण उजेड पाहत नाही, उष्णता पाहते. अंगातली ऊब पडद्यावर पांढरी दिसते. म्हणून काळ्याकुट्ट अमावस्येलाही चालते. पण या यंत्राच्या ज्या गोष्टी विकणारा सांगत नाही, त्या सांगतो.

पहिली. डब्यावर '१००० मीटर' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढ्या लांबवर 'काहीतरी ऊबदार आहे' असा ठिपका दिसतो. तो ठिपका डुक्कर आहे, कुत्रं आहे, वासरू आहे की चवड्यावर बसून पाईप जोडणारा माणूस, हे कळायला कमी किमतीच्या यंत्रात शंभर-दीडशे मीटरच्या आत जावं लागतं. चादर पांघरून धुऱ्यावर झोपलेला माणूस थर्मलमध्ये माणसासारखा दिसत नाही. चादर ऊब अडवते, फक्त तोंड नि हात चमकतात.

आपल्याकडे रात्री रानात कोण नसतं? एक आठवडा दिवसा लाईट, एक आठवडा रात्री. बारा वाजता मोटार चालू करायला गडी जातो, दोनला बारं द्यायला भाऊ जातो. वसमतकडे उसाच्या फडाशेजारी टोळ्यांच्या कोप्या, त्यात लेकरं. परवा एका सभासदाने मला सांगितलं की बॅटरीच्या उजेडात हरभऱ्यात काळं हललं म्हणून त्याने दगड भिरकावला, तर पलीकडून चुलत्याचा आवाज आला. दगडच होता. हातात बंदूक असती तर काय झालं असतं, याचा विचार करून तो दोन रात्री झोपला नाही.

दुसरी. पानाआडचं दिसत नाही. हळद कमरेवर आली की आतलं डुक्कर यंत्राला सापडत नाही. उसात तर नाहीच. काचेतूनही दिसत नाही, म्हणून जीपची काच लावून बघणारे फसतात.

तिसरी, ऋतूची. आपली काळी जमीन उन्हाळ्यात रात्री उशिरापर्यंत तापलेली असते, मग जनावर आणि जमीन एकसारखी पांढरी दिसतात. थंडीत, पहाटे तीन ते पाच, चित्र सगळ्यात स्वच्छ. दाट धुकं पडलं की तेही नाही.

चौथी सगळ्यात महत्त्वाची. साप दिसत नाही. सापाचं अंग जमिनीएवढंच थंड असतं. घोणस वाटेत वेटोळं करून बसली असेल तरी पडद्यावर काहीच दिसणार नाही. विहिरीचा काठ नीट दिसत नाही. कोणी तार ओढली असेल तर तीही नाही. शिवाय पडद्याच्या उजेडाने तो डोळा दिपतो आणि दुर्बीण खाली घेतली की मिनिटभर आंधळेपण येतं. कठडा नसलेल्या विहिरी आपल्या शिवारात किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून थर्मल घेऊन चालायचं नाही. एका जागी उभं राहून बघायचं. चालायचं तर बॅटरी लावून, पायात गमबूट घालून.

आणि हो, मोबाईलमध्ये फुकटचं 'थर्मल कॅमेरा' ॲप येतं, ते नुसते रंग भरतं. त्याला उष्णता कळत नाही. डाउनलोड करू नका.

*बंदुकीला लावायची का?*

आमचं स्पष्ट मत : नाही. हत्यार कायदा १९५९ प्रमाणे पीकरक्षणासाठी म्हणून जो परवाना मिळतो तो ठासणीच्या बंदुकीचा. त्यावर दुर्बीण चढवून रात्री नेम धरणं म्हणजे बैलगाडीला विमानाचं इंजिन. छऱ्याची बंदूकही २० ज्यूलच्या वर किंवा .१७७ पेक्षा मोठ्या छिद्राची असली की परवाना लागतोच. तरी कोणाला लावायचीच असेल तर आधी परवाना देणाऱ्या जिल्हा दंडाधिकारी कार्यालयातून लेखी घ्या.

ज्यांच्याकडे सगळी यंत्रं होती त्यांनाही रात्र सोपी गेलेली नाही. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याची टी-१ वाघीण, लोक अवनी म्हणतात ती. १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. कॅमेरे, शिकारी कुत्रे, थर्मल ड्रोन, अत्तराचं आमिष सगळं झालं. शेवटी २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गाडीतून गोळी घातली गेली, आणि ती रात्रीच का, कशी घातली यावर पुढे चौकशा आणि कोर्टकज्जे चालले. तिथे वन खात्याचा आदेश होता. आपल्याकडे तोही नसतो.

उलट थर्मलचा चांगला उपयोग शोधायला होतो. उत्तर प्रदेशात बहराईचला २०२४ मध्ये लांडगे शोधायला थर्मल ड्रोन वापरले. ते सरकारी यंत्रणेचं काम आहे. आपला उपयोग त्याहून साधा आहे : डुकरं येतात कुठून हे बघणं.

*हे करून बघा*

तीन-चार शेतकऱ्यांत एक यंत्र पुरतं. आखाड्याच्या माळ्यावर किंवा मचाणावर बसायचं आणि सलग चार रात्री, दर अर्ध्या तासाला, नाला आणि उसाच्या कडा बघायच्या. डुकरं दिवसभर नाल्यातल्या झुडपात किंवा उसात पडून असतात, अंधार पडला की निघतात आणि बहुतेक वेळा त्याच वाटेने. ती वाट, वेळ आणि कळपातली संख्या वहीत लिहा. रोह्यांसाठी यंत्रही लागत नाही : रोही ठरावीक जागी लेंड्या टाकतो. ते ढीग सापडले की वाट सापडली.

वाट कळली की पूर्ण शेताला कुंपण घालायची गरज बरेचदा उरत नाही. त्या बाजूपुरतं झटका मशीन लावा. डुक्कर खालून घुसतं, म्हणून पहिली तार जमिनीपासून वीतभर. हरणं उडी मारण्यापेक्षा तारेखालून निघायला बघतात, मधल्या तारा जवळ घ्या. रोह्यासाठी वरची तार पाच-साडेपाच फूट. तारेला गवत टेकलं की करंट जमिनीत जातो, म्हणून पंधरा दिवसाला खालचं गवत काढा. उन्हाळ्यात अर्थिंगच्या सळईपाशी पाणी टाका, कोरड्या काळ्या रानात झटका लागत नाही. करडईच्या चार ओळी कडेने टोचल्या तर काट्यांमुळे डुक्कर बिचकतं. हा उपाय भुईमुगासाठी शिफारशीत आहे आणि आपल्याकडे करडई नवी नाही. भोंगा, फटाके, दिवे तीन-चार दिवसांनी जागा बदलून लावा, नाहीतर डुकरं सरावतात.

*तारेत थेट लाईट सोडू नका.* झटका मशीन सेकंदाला एकदा, क्षणभर झटका देतं आणि सोडतं. खांबावरची वीज धरून ठेवते. दरवर्षी राज्यात अशा तारेला माणसं चिकटून मरतात. बरेचदा शेजारी, कधी स्वतः लावणारा. मग वीजचोरी, वन्यजीव कायदा आणि सदोष मनुष्यवध, तिन्ही एकदम. गावठी बॉम्बचंही तेच. डुकराऐवजी गाईचा जबडा जातो.

*नुकसान झालंच तर*

डुक्कर, रोही, हरीण, वानर या सगळ्यांच्या नुकसानीला वन खात्याकडून भरपाई आहे. तीन दिवसांच्या आत जवळच्या वन कार्यालयात किंवा ऑनलाईन अर्ज करा, पंचनामा होईपर्यंत उकरलेलं रान नांगरू नका, फोटो काढताना लोकेशन चालू ठेवा. माणसाचा जीव गेला तर वारसांना २५ लाख रुपये. मदतीसाठी वन खात्याचा नंबर १९२६.

पीकविम्यातही खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांचं नुकसान घ्यायचं केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं आहे. ७२ तासांत ॲपवर फोटोसह कळवायचं, अशी रचना आहे. कुठले प्राणी आणि कुठले भाग, हे राज्याने ठरवायचं आहे. ठरलं की इथेच कळवू.

बिबट्याचा माग दिसला, किंवा डुकरामागे बिबट्या आल्याची शंका आली, तर जागलीला जाऊ नका. एकट्याने तर नाहीच. पिंपरखेडला (शिरूर, जि. पुणे) नोव्हेंबर २०२५ मध्ये बिबट्या शोधायला वन खात्याने थर्मल ड्रोन आणि नेमबाज आणले होते. ते काम आपलं नव्हे.

बघण्याची दुर्बीण गटात घ्यायची असेल तर गाव, गटातली नावं आणि डुकरांचा त्रास असलेले गट नंबर गटप्रमुखाकडे द्या. तीन गावांची नावं आली की यंत्र आधी मागवून रानात दाखवू, पटलं तर पैसे. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे करायच्या अर्जाचा नमुना उद्या सकाळी याच नंबरवरून येईल.