सायकलीस लाविलेल्या एंजिनाचा रूळ का घसरतो?

बांधावरील गवत कापण्याचे लहान पेट्रोल एंजिन आता पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरी असते. हंगाम सरला म्हणजे ते कोपऱ्यात पडून राहते, आणि मग ते जुन्या सायकलीस बसविण्याची कल्पना कोणाच्या तरी मनात येते. निगडी, चिखली, तळवडे, मोशी या बाजूस तर भोसरीच्या औद्योगिक वसाहतीची जवळीक असल्यामुळे लेथवर हवा तो भाग कातून मिळतो. सर्वांत सोपी रचना म्हणजे एंजिनाच्या दांड्यावर एक लोखंडी रूळ चढवून तो मागील टायरावर दाबून धरणे. साखळी नको, दातेरी चाके नकोत. परंतु चार दिवसांत तक्रार सुरू होते की चढावर रूळ जागीच फिरतो आणि सायकल पुढे जात नाही. मालक स्प्रिंग आवळतो, टायर फाटते. मग तो मोठे एंजिन आणतो. घसरणे आणखी वाढते. या रोगाचे मूळ कोठे असते व त्यावर कोणता इलाज करावा, हे येथे सांगावयाचे आहे.

ही रचना नवी नव्हे. फ्रान्समध्ये १९४६ साली विक्रीस आलेल्या वेलोसोलेक्स या गाडीचे एंजिन पुढील चाकावर बसविलेले असे व त्याचा रूळ टायरास टेकून चाक फिरवी. हाताजवळील दांड्याने एंजिन उचलले की तीच साधी पायगाडी होई. तेथे तिचे उत्पादन १९८८ पर्यंत चालले. आपल्याकडे तेव्हाच्या अहमदनगर येथील कायनेटिक कंपनीने १९७२ साली लूना काढली. तीसही पायडल होते, पण ती टायर घासून चालत नसे. आमच्याकडील पाऊस व काळा चिखल पाहता तोच मार्ग बरा, असे आमचे मत आहे. तथापि ज्यांनी रूळ बसविलाच आहे त्यांच्यासाठी पुढील विवेचन.

प्रथम थोडे गणित. एक अश्वशक्ती म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्याइतके बळ. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारे ७ मीटर. ७५ ला ७ ने भागिले असता सुमारे साडेदहा किलोंची ओढ निघते. कोरड्या टायरावर लोखंडी रूळ त्यावरील दाबाच्या निम्मी ओढ धरतो असे मानले, तर रुळावर किमान २१ किलो दाब हवा. टायर भिजून पकड निम्म्यावर आली की तोच दाब ४२ किलो लागेल, आणि एवढा दाब सायकलीचे टायर फार दिवस सोसत नाही. म्हणून पावसात रूळ उचलून पायडल मारावे हेच शहाणपण. स्प्रिंग आवळू नये. रूळ उचलण्याचा दांडा ज्या गाडीस नाही ती रचना अपुरी समजावी.

आता मुख्य गोष्ट. एंजिन ज्या बिजागरीवर झुलते तिची जागा बहुतेक ठिकाणी सोयीने ठरविलेली असते, हिशेबाने नव्हे. रूळ टायरास पुढे ढकलतो तेव्हा टायर रुळास तितक्याच जोराने मागे रेटते. या रेट्याने रूळ टायरावर अधिक बसेल की टायरापासून उचलला जाईल, हे केवळ बिजागरीच्या जागेवर अवलंबून आहे. परीक्षा सोपी आहे. रूळ टायरास जेथे टेकतो तेथे टायरास स्पर्श करणारी एक सरळ काठी धरावी. बिजागरी रुळाच्या पुढे, म्हणजे आसनाच्या बाजूस असेल, तर ती या काठीच्या चाकाकडील अंगास असली पाहिजे. बिजागरी रुळाच्या मागे असेल, तर ती काठीच्या बाहेरील अंगास, चाकापासून दूर, असली पाहिजे. असे असेल तर एंजिन जितके ओढील तितका रूळ आपोआप घट्ट बसतो. उलट असेल तर जितके पेट्रोल द्यावे तितका रूळ उचलला जातो, आणि मालक एंजिनास दोष देत बसतो.

याचे मापही काढता येते. रूळ टेकतो त्या जागेपासून बिजागरीपर्यंतचे अंतर काठीच्या लांबीवर मोजावे. समजा ते २० सेंटिमीटर आहे. बिजागरी काठीपासून योग्य अंगास १० सेंटिमीटर दूर असेल, तर ओढीच्या निम्मा, म्हणजे सुमारे ५ किलो, दाब आपोआप मिळतो. स्प्रिंगेने १६ किलो दिला तरी २१ भरतात. तीच बिजागरी चुकीच्या अंगास तितकीच दूर असेल, तर ५ किलो वजा होतात आणि स्प्रिंगेस २६ किलो द्यावे लागतात. शिवाय एंजिन ओढत नसताना पहिल्या रचनेत टायरावर १६ किलोच भार राहतो, दुसरीत २६. टायर लवकर का झिजते याचे उत्तर येथेच मिळते. बिजागरीची पट्टी कापून नवी जोडण्यास वेल्डिंगवाल्याकडे तासाभराचे काम आहे.

रुळाविषयी. त्याचा व्यास वेग ठरवितो. चाक मोठे की लहान, याने फरक पडत नाही. मिनिटास ६००० फेऱ्या घेणाऱ्या एंजिनावर ३० मिलिमीटरचा रूळ ताशी सुमारे ३४ किलोमीटर देतो, २५ मिलिमीटरचा सुमारे २८. लहान रूळ चढ बरा काढतो, परंतु ओढ वाढल्यामुळे त्यास दाबही अधिक लागतो. काही जण रुळावर खोल चौकडीचे टोकदार दाते पाडून घेतात. ते किसणीप्रमाणे टायर खातात. वेलोसोलेक्सचा रूळ कार्बोरंडमचा, म्हणजे सहाणेसारख्या खरखरीत पृष्ठाचा, असे. तो न मिळाल्यास दांड्याला समांतर उथळ रेघा पाडून त्यांच्या कडा मारून घ्याव्यात. रुळास दोन्ही टोकांस बेअरिंगचा आधार द्यावा. एकाच बाजूने लटकणारा रूळ एंजिनाचा दांडा वाकवितो. टायरावर खडूची आडवी रेघ ओढून चाक फिरवावे. खडू सर्वत्र सारखा पुसला तर रूळ सरळ आहे. एकीकडेच पुसला तर तो तिरपा आहे, किंवा रिम लचकत असून तारा ओढावयास हव्यात. टायरातील हवा त्याच्या कडेवर छापलेल्या मर्यादेच्या जवळ ठेवावी. मऊ टायर रुळाखाली दबून तापते आणि शक्ती खाते.

इतके करूनही ज्यास बळ कमी वाटेल त्याने मोठे एंजिन बसविण्यापूर्वी पुढील मजकूर वाचावा. आमची नोकरी महसूल खात्यात गेली, म्हणून हे मुद्दाम लिहितो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या व्याख्येनुसार चारांहून कमी चाकांची व २५ घन सेंटिमीटरपर्यंतच्या एंजिनाची गाडी मोटार वाहन नव्हे. त्यापुढे गेले की नोंदणी, परवाना व विमा ही तिन्ही लागतात, आणि घरी जोडलेल्या गाडीस अधिकृत नमुना-चाचणीवाचून नोंदणी मिळावयाची नाही. अशा बिनविम्याच्या गाडीखाली कोणी सापडले आणि न्यायाधिकरणाने भरपाई ठरविली, तर कलम १७४ प्रमाणे ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होऊ शकते. महसूल संहिता १९६६ प्रमाणे त्या वसुलीत मागणीच्या नोटिसीपासून जमिनीची जप्ती व विक्री यांपर्यंत सर्व उपाय येतात. प्राधिकरण १९७२ साली झाले. त्याच्या संपादनानंतर या भागात ज्यांच्याकडे गुंठ्यांतच मोजण्याइतकी जमीन उरली आहे, त्यांनी तीही एका गवत-यंत्रापायी ओलीस ठेवू नये. २५ च्या आतील गाडीसही हयगयीची जबाबदारी सुटत नाही, हेही ध्यानात असावे.

विक्रेत्याच्या ‘पंचवीसचे एंजिन’ या शब्दावर विसंबू नये. सिलिंडरचा व्यास गुणिले व्यास गुणिले दट्ट्याची धाव गुणिले ०.७८५, असा हिशेब स्वतः करावा. व्यास ३.४ व धाव २.८ सेंटिमीटर असलेले एंजिन बाजारात सर्रास आढळते; त्याचे उत्तर २५.४ येते, म्हणजे ते मर्यादेबाहेर आहे. व्यास ४ व धाव ३.४ असलेले तर सुमारे ४३ चे. ते गवतासच राहू द्यावे.

ज्यांस विजेची मोटर लावावयाची असेल त्यांच्यासाठी नियम निराळा आहे: २५० वॅटहून कमी शक्ती, ताशी २५ किलोमीटरहून कमी वेग, बॅटरीवाचून ६० किलोपर्यंत वजन, योग्य ब्रेक व प्रकाश परावर्तित करणाऱ्या पट्ट्या, आणि हे सर्व पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्य संस्थेने पडताळलेले असणे. तेव्हा घरी जोडण्यापेक्षा प्रमाणपत्रासह तयार सायकल घेणे सोयीचे. एवढ्या शक्तीची ओढ त्या वेगाने साडेतीन किलोंच्या आसपास भरते; रुळावर सात किलो दाब पुरतो, आणि टायरही टिकते.