सापाची मावशी खरोखर कोणाची कोण?

पावसाळा सरत आला म्हणजे शेताच्या बांधावर, घराच्या जोत्याजवळ अथवा कडब्याच्या गंजीपाशी एक तपकिरी, तकतकीत प्राणी उन्हास येऊन बसलेला पुष्कळ वाचकांनी पाहिला असेल. पाऊल वाजताच तो पालापाचोळ्यात असा सळकन शिरतो की, साप गेला असेच क्षणभर वाटावे. त्यास कोणी सापसुरळी म्हणतात, कोणी सापसुळी, आणि कित्येक गावी त्याचे नाव सापाची मावशी असेच आहे. लोकांनी प्रथम नाते जोडले आणि मग नात्यामागून विषही तिच्या पदरी बांधले. ही चावली तर माणूस पाणी मागत नाही, असे सांगणारी वडीलधारी माणसे पुष्कळ गावी भेटतात. म्हणून ती दिसताच मुले दगड उचलतात. हे नाते खरे की खोटे, ह्याचा आज आपण विचार करू.

प्रथम आपल्याच डोळ्यांनी जे ठरविता येते ते ठरवावे. तीस पकडण्याचे कारण नाही. सापसुरळीस चार पाय आहेत, ते आखूड व अंगालगत असल्यामुळे पळताना दिसत नाहीत इतकेच. ती डोळे मिटते व उघडते. सापास हलणाऱ्या पापण्या नाहीत, आणि आपल्या भिंतीवरील पालीसही नाहीत. तिच्या जबड्यामागे कानाचे छिद्र स्पष्ट दिसते. सापास बाहेरून कानच नाही. संकटसमयी तिचे शेपूट तुटून वळवळत राहते, व शत्रू त्याकडे पाहत असता ती निसटते. पुढे नवे शेपूट फुटते, मात्र त्यात हाडाचे मणके नसून मऊ कूर्चेची नळी असते. सापाचे तुटलेले शेपूट पुन्हा वाढत नाही. आणि मुख्य गोष्ट ही की, सापसुरळीच्या तोंडात विषाची पिशवी नाही व विषाचा दातही नाही. नाकतोडे, रातकिडे, झुरळे व कोळी हे तिचे अन्न होय.

आता शास्त्रज्ञांनी तीस कोठे बसविले ते पाहू. ज्या कुलात ती मोडते त्यास सिंकिडी म्हणतात, व त्यात १७०० हून अधिक जाती आहेत. माशाच्या खवल्यांप्रमाणे एकावर एक बसलेले, कौलारू छपरासारखे खवले, आणि त्यांखाली हाडाच्या पातळ चकत्या, ही ह्या कुलाची खूण. शास्त्रीय नावात दोन शब्द असतात. आपल्याकडे आडनाव शेवटी येते, तेथे ते आरंभी येते. ह्या आडनावाने प्रजाती समजते व दुसऱ्या शब्दाने जाती समजते.

आपल्या ओळखीच्या मोठ्या सापसुरळीचे वर्णन १८०१ साली योहान श्नायडर ह्या जर्मन पंडिताने केले. हा गृहस्थ मूळचा ग्रीक भाषेचा विद्वान. त्याने ग्रीक शब्दांचा कोशही रचिला. त्याने तीस कॅरिनाटा हे नाव दिले, कारण तिच्या पाठीच्या प्रत्येक खवल्यावर नौकेच्या तळाच्या कण्यासारख्या बारीक उभ्या रेघा उठलेल्या असतात. तिच्या शरीराच्या मध्यभागी खवल्यांच्या ३० ते ३४ ओळी मोजता येतात. तिच्याहून लहान, काशासारख्या रंगाची एक बहीण आहे. विणीच्या दिवसांत तिच्यातील नराचे ओठ व कंठाच्या बाजू तांबड्या होतात. तीस मॅक्युलेरिया हे नाव कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे व्यवस्थापक एडवर्ड ब्लाइथ ह्यांनी १८५३ साली दिले. तिसरी एक तर आपल्या प्रांतातील गावाचेच नाव मिरविते. १९२५ साली शिकागोहून निघालेल्या सिंप्सन-रूझवेल्ट मोहिमेने चांद्याच्या जंगलातील आलापल्ली येथून एक नमुना नेला, आणि १९२६ साली कार्ल श्मिट ह्यांनी त्यास आलापल्लेन्सिस असे नाव दिले. ते आलापल्ली आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. श्मिट ह्यांचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. ते पुढे दोनदा येणार आहे.

ही झाली जातींची नावे. आडनावाचा घोटाळा मात्र फार दिवस चालला. आशिया, आफ्रिका व अमेरिका ह्या तिन्ही खंडांत अशा चपळ, तकतकीत, कणेदार खवल्यांच्या सापसुरळ्या आहेत, व बाह्यरूपाने त्या इतक्या सारख्या की, १८८७ साली बूलेंजर ह्यांनी ब्रिटिश म्युझियमची यादी केली तेव्हा त्या सर्वांस एकाच प्रजातीत घातले. त्या प्रजातीचे नाव मबूया. हा शब्द वेस्ट इंडीज बेटांतील कॅरिब लोकांचा असून त्याचा अर्थ दुष्ट आत्मा असा आहे. म्हणजे तेथील लोकांनीही ह्या गरीब प्राण्यास सोडले नव्हते! आपली बांधावरील सापसुरळी शंभराहून अधिक वर्षे ह्या परक्या भुताचे नाव घेऊन शास्त्राच्या ग्रंथांत वावरली.

घोटाळा सुटला तो एका दूरच्या बेटावरून. ब्राझीलच्या किनाऱ्यापासून सुमारे ३५० किलोमीटरवर फर्नांडो द नोरोन्हा नावाचे बेट आहे. तेथील सापसुरळीस श्मिट ह्यांनीच १९४५ साली अटलांटिका हे नाव दिले होते. अमेरिकेजवळची, तेव्हा अमेरिकेचीच असणार, असे कोणासही वाटेल. परंतु २००२ साली माउसफेल्ड व त्यांचे सहकारी ह्यांनी तिच्या पेशींतील डीएनए, म्हणजे आईबापांकडून लेकरांस मिळणारे द्रव्य, तपासले. तो तिचे रक्ताचे नाते आफ्रिकेतील सापसुरळ्यांशी निघाले. तिचे पूर्वज कधीकाळी वाहत्या झाडाझुडपांवर बसून महासागर ओलांडून आले असले पाहिजेत. मग एक मोठे घर फोडून चार घरे करावी लागली. अमेरिकेकडे मबूया हे नाव राहिले. तेथील माद्या अंडी न घालता पिले जन्मास घालतात. केप व्हर्डे बेटांतील जातींचे आडनाव कायोनिनिया झाले. आफ्रिकेच्या घरास प्रथम एक नाव दिले गेले, परंतु नियमाने ते चालत नाही असे २००३ साली दिसून आल्यावर ट्रॅकिलेपिस हे नाव ठरले. आशियातील घरास युट्रोपिस हे नाव मिळाले. तेही नवे नव्हते. व्हिएन्नाच्या फिट्झिंगर ह्यांनी १८४३ सालीच ते देऊन ठेविले होते व ते अडगळीत पडले होते. ग्रीक भाषेत ट्रोपिस म्हणजे नौकेचा कणाच. तेव्हा आपल्या सापसुरळीचे पुरते नाव आज युट्रोपिस कॅरिनाटा असे आहे.

मग सापाशी नाते काय? येथे मला स्वतःस मोठे आश्चर्य वाटले. २००५ साली विदाल व हेजेस ह्या दोघांनी सरडे, पाली, साप इत्यादिकांच्या नऊ जनुकांची तुलना करून वंशावळ मांडली. तीत पालींची शाखा फार पूर्वी निराळी झाली, त्यानंतर सापसुरळ्यांची. आणि साप ज्या शेवटल्या फांदीवर बसला आहे, तीवर त्याच्या शेजारी कोण आहेत? घोरपड आणि कुंपणावरचा सरडा! हाडांवरून वंशावळ मांडणारे काही विद्वान हे अद्याप मान्य करीत नाहीत. तथापि डीएनएचा पुरावा पुढेही त्याच बाजूने येत गेला आहे. म्हणजे मावशीचा मान द्यावयाचाच असेल तर तो सरड्यास द्यावा लागेल. सापसुरळी ही फार तर दूरच्या भाऊबंदांतली.

कोणी विचारील की, ह्या वंशावळीचा खेड्यातील माणसास उपयोग काय? उपयोग आहे. सापसुरळी चावल्याच्या भीतीने घाबरलेल्या माणसास लोक मांत्रिकाकडे नेतात. तो कडुनिंबाचा पाला फिरवितो, मंत्र म्हणतो, आणि माणूस बरा होतो. होणारच, विष कोठे होते? बिनविषारी साप चावलेले लोकही असेच बरे होतात. अशा रीतीने मांत्रिकाची कीर्ती वाढत जाते, आणि एके दिवशी नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे चावलेले लेकरू त्याच कीर्तीच्या भरवशावर त्याच्या अंगणात नेऊन ठेवितात. त्या वेळी मंत्र उपयोगी पडत नाही, आणि गेलेला वेळ परत येत नाही. ह्या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते. ती रुग्णालयात शिरेतून द्यावी लागते. जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. अवयव हलू न देता रोग्यास तेथे पोहोचवावे.

सापाच्या दंशास क्षुल्लक समजण्याची चूक विद्वानांकडूनही होते. आलापल्लीच्या सापसुरळीस नाव देणारे कार्ल श्मिट ह्यांच्याकडे १९५७ च्या सप्टेंबरात एक आफ्रिकी साप ओळखण्यासाठी पाठविण्यात आला. तो लहान होता. तो अंगठ्यास चावला असता त्यांनी उपचार न घेता आपल्या शरीरात काय होते ते लिहून ठेविले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला.

म्हणून हा धडा वाचून कोणी उलट चूक करू नये. मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्या माणसास चावते. पुष्कळदा दुखत नाही, खूणही जेमतेम दिसते. सकाळी अंथरुणाजवळ सापसुरळी फिरताना दिसली म्हणजे घरची माणसे म्हणतात, हिनेच चावा घेतला असेल. सापसुरळी दिवसा हिंडणारी आहे. रात्री ती बिळात किंवा दगडाखाली निजलेली असते. चावणारा प्राणी डोळ्यांनी दिसला नसेल, आणि पापण्या जड होऊ लागल्या, पोटात दुखू लागले किंवा बोलणे अडखळू लागले, तर तिचे नाव घेऊन घरी बसू नये, त्याच क्षणी गाडी जोडावी.