भाड्याचा कुंचला, तोंडी व्यवहार

दिवाळी अंकांची मुखपृष्ठं आणि कथाचित्रं हा मराठी चित्रकाराच्या वर्षातला सर्वांत मोठा हंगाम. 2021 साली तो ऐन भरात असताना, 1 ऑक्टोबरपासून, रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले. कार्डावरून दरमहा आपोआप पैसे वळते व्हायचे असतील, तर त्यासाठी ग्राहकाची रीतसर संमती नोंदवणं बंधनकारक झालं. नियम ग्राहकाच्या भल्याचाच होता, पण अनेक परदेशी कंपन्यांची यंत्रणा तयार नव्हती. मी ज्या सॉफ्टवेअरवर चित्रं काढत होते, त्याची वर्गणी बँकेने नाकारली आणि थोड्याच दिवसांत ते उघडेनासं झालं. दुसरं कार्ड चाललं नाही. मदतकक्षाकडून ठरावीक उत्तरं येत राहिली. दिवाळी होती 4 नोव्हेंबरला, आणि संपादकांचे फोन सुरू झाले होते.

चित्रं माझी होती, माझ्याच संगणकात होती, पण ती उघडण्याचा हक्क वर्गणीला बांधलेला होता. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाईल उघडून पाहिली, तर लेअर एकमेकांत मिसळलेले, मास्क गायब, शीर्षकातली जोडाक्षरं फुटलेली. ते मुखपृष्ठ मला पुन्हा पहिल्यापासून रंगवावं लागलं. त्या दिवसांतली असहायता मी विसरलेले नाही, आणि नव्या मुलामुलींच्या वाट्याला ती येऊ नये असं मनापासून वाटतं.

फोटोशॉप आणि इलस्ट्रेटर बनवणाऱ्या अडोबीने 2013 साली नव्या आवृत्त्या कायमस्वरूपी विकणं थांबवून वर्गणीची पद्धत आणली. छापखाने आणि जाहिरात संस्था अडोबीच्याच फाईली मागतात, त्यामुळे ती वर्गणी आपल्याला सहजासहजी टाळता येत नाही. पण सगळं काम तिच्यावर अवलंबून ठेवू नये. चित्रं काढण्याच्या इतर सॉफ्टवेअरपैकी क्रिटा विनामूल्य आहे, प्रोक्रिएट एकदाच विकत घ्यावं लागतं. हाताला यांपैकी एकाची तरी सवय ठेवा. काम संपलं की लेअरवाल्या मूळ फाईलसोबत 300 डीपीआयची टिफ आणि एक पीडीएफ काढून ठेवा. या फाईली कुठेही उघडतात. एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर असू द्या. केवळ क्लाऊडवर विसंबू नका. काम हातात असताना सॉफ्टवेअर अपडेट करू नका.

देवनागरीची काळजी वेगळी घ्यावी लागते. फोटोशॉप किंवा इलस्ट्रेटरमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडलेला नसेल, तर वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात. छपाईला देताना अक्षरांचं आउटलाइनमध्ये रूपांतर करा. मजकूर मागतानाच युनिकोडमध्ये मागा, कारण जुन्या फॉन्टमधला मजकूर आपल्याकडे नुसत्या चिन्हांच्या रूपात येतो. रंग पडद्यावरच्या आरजीबीत ठरवू नका. पडद्यावर झळकणारा हिरवा-निळा सीएमवायके छपाईत मळकट उतरतो, आणि बोल चित्रकाराला लागतो.

त्याच हंगामात दुसरा धडा मिळाला, तो पैशांचा. एका प्रकाशकाने फोनवर ठरवून मुखपृष्ठ करून घेतलं. तेच चित्र पुढे कॅलेंडरवरही छापलं, मला न विचारता. मानधन मिळालं पुढच्या उन्हाळ्यात, तेही अर्धंच. जाब विचारला तर उत्तर आलं, "चित्र आम्हीच करून घेतलंय ना!"

कायदा वाचल्यावर या उत्तराचं गांभीर्य कळलं. 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17नुसार, मोबदला देऊन पेंटिंग करवून घेतलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक करवून घेणाराच ठरतो. डिजिटल चित्राला हे लागू होतं का, यावर वाद घालता येईल. पण वादाला जागाच कशाला ठेवायची? कॉपीराइट माझ्याकडे राहील आणि हे चित्र अमुक अंकाच्या मुखपृष्ठापुरतंच वापरता येईल, हे काम सुरू होण्याआधी लिहून दोघांच्या सह्या घ्या. हक्क विकायचेच असतील तर मुदत आणि प्रदेश नमूद करा. मुदत लिहिली नाही तर कलम 19 ती पाच वर्षं धरतं, प्रदेश लिहिला नाही तर संपूर्ण भारत. कोटेशनमध्ये किती वेळा बदल करून मिळतील हे लिहा आणि अर्धी रक्कम आगाऊ घ्या. यात संकोच वाटायचं कारण नाही; छापखानाही कागदाचे पैसे आधी घेतो.

पैसे वेळेत मिळावेत म्हणून 'उद्यम' ही लघुउद्योगांची सरकारी नोंदणी काम घेण्याआधीच करून ठेवा. ती मोफत आहे. 2006च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही, करार नसेल तर ती 15 दिवसांचीच असते. त्यानंतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. बिलाच्या तळाशी नोंदणी क्रमांक आणि ही मुदत छापलेली असावी. ती वाचून बरेच धनादेश वेळेत निघतात.

आपलं क्षेत्र ओळखीवर चालतं, म्हणून कागद पुढे करणं अनेकांना उद्धटपणाचं वाटतं. माझा अनुभव उलट आहे. ज्यांना वेळेत आणि पूर्ण पैसे द्यायचे असतात, ते न कुरकुरता सही करतात. जो सहीला तयार नाही, त्याचं काम घेऊ नका.