बुरशी पुसली तरी विष जात नाही



22 जुलै 2021 च्या महापुरात महाड-पोलादपूरच्या कितीतरी घरांत वर्षाचे धान्य भिजले. पूर नसला तरी कोकणातला पावसाळा आहेच. चार महिने ओल, गळका पत्रा, कोपऱ्यातले पोते. आम्ही वस्त्यांत फिरतो तेव्हा आयाबाया विचारतात, "बुरा आलेले तांदूळ धुऊन, उन्हात घालून खाल्ले तर चालतील ना?" नाही, चालणार नाहीत. का, ते समजून घेऊ.

ओल्या धान्यावर, शेंगदाण्यावर, मक्यावर, सुक्या मिरचीवर पिवळट-हिरवी बुरशी वाढते. तिच्यातल्या काही जाती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. बुरशी पुसता येते, पण विष दाण्यात मुरलेले असते. ते धुऊन जात नाही आणि आपल्या चुलीवर शिजवूनही संपत नाही.

हे विष पोटात गेले की यकृतात पोचते. खाल्लेल्या अन्नापासून शरीराला लागणारी साखर आणि प्रथिने तयार ठेवण्याचे, नको ते बाहेर काढण्याचे काम यकृत करते. हे विष काढून टाकायला जाताना यकृतातच त्याचे आणखी घातक रूप बनते. ते पेशींच्या जनुकांना चिकटते. रोज थोडे थोडे, वर्षानुवर्षे पोटात गेले तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. ज्यांना कावीळ 'ब' आहे त्यांना हा धोका अनेक पटींनी जास्त. मुलांची वाढ खुंटण्याशीही या विषाचा संबंध आढळला आहे.

एकदम जास्त गेले तर काय होते? 1974 मध्ये राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल भागात अवकाळी पावसात भिजलेला मका आदिवासींनी खाल्ला. दुसरे धान्य घरात नव्हते. कावीळ झाली, पोटात पाणी भरले, शंभराहून अधिक माणसे दगावली. तोच मका खाणारी कुत्रीही मेली. विष बुरशीचे होते, पण ते खायला लावले गरिबीने.

म्हणून एवढे करू या :

• आगोटीचे धान्य कडक वाळवा. दाताखाली दाणा 'कट्' असा तुटला पाहिजे. घट्ट झाकणाच्या पिंपात, जमिनीपासून उंच ठेवा.
• काळे, सुरकुतलेले, कडू शेंगदाणे निवडून फेका. बुरशीची भाकरी, पाव पूर्ण टाका.
• असले धान्य कोंबड्यांना, गाई-म्हशींना घालू नका. विष दुधातून परत आपल्याच मुलांकडे येते.
• बाळाला जन्मल्यापासून 24 तासांत कावीळ 'ब' ची लस द्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत आहे.
• डोळे पिवळे झाले, पोट किंवा पाय सुजले तर काविळीची माळ, उतारा यांत वेळ घालवू नका. थेट दवाखाना गाठा.

रेशनवर कुबट, बुरशीचे धान्य दिले तर घेऊ नका. थोडा नमुना पिशवीत बांधा, चार-पाच घरे मिळून तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी तक्रार द्या, पोच घ्या. रेशन ही मेहेरबानी नाही, 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे.

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते माणूस म्हणून आपला हक्क सांगण्यासाठी. ताटातले धान्य स्वच्छ असावे, हे मागणेही त्याच हक्काचे आहे. आणि "आमच्या आजीपासून असेच खातात" असे कोणी म्हणाले, तर तथागतांनी कालामांना काय शिकवले ते आठवा : रूढी आहे म्हणून मानू नका, पारखून घ्या.

नमो बुद्धाय, जय भीम!