एक कागद, दोघांचे रंग

वसतिगृहातील मुलाची आईवडिलांशी भेट होते, ती अभ्यासाच्या चौकशीत आणि खाऊच्या डब्यातच सरते. मूल शिकत पुढे जाते, तसे न शिकलेले आईवडील त्याच्यापुढे बोलताना संकोचू लागतात. शिक्षणाने माणसे जोडावीत, अशी आमची धारणा आहे. म्हणून हे अंतर कमी करणाऱ्या एका मार्गाचा आम्ही येथे विचार करीत आहोत.

‘कला-उपचार’ ही संज्ञा ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी १९४२ च्या सुमारास रूढ केली. पुढे अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत हॅना क्वियाटकोव्स्का यांनी रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबालाही चित्रे काढावयास बसविले. हेलन लँडगार्टन यांनी कुटुंबासाठी एक साधी पद्धत घालून दिली. प्रत्येकाने एकच रंग निवडायचा व शेवटपर्यंत तोच वापरायचा. प्रथम दोन गटांनी वेगवेगळ्या कागदांवर, मग सर्वांनी मिळून एकाच कागदावर न बोलता चित्र काढायचे; शेवटी बोलत बोलत.

रंग वेगळे असल्याने तो कागद घराचा दस्तऐवजच होतो. पहिली रेघ कोणाची, मधली जागा कोणी व्यापली, कोण कोपऱ्यात राहिले, कोणाच्या चित्रावर कोणाची रेघ चढली, हे सर्वांना एकदम दिसते. कोणी कोणावर आरोप करावा लागत नाही.

ब्रिटिश बालमनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट मुलांशी रेघोट्यांचा खेळ खेळत. एकाने सहज रेघोटी मारायची, दुसऱ्याने तिच्यातून आकार काढायचा; मग पाळी बदलायची. या खेळात बरोबर-चूक नसते. म्हणून कधी पेन्सिल न धरलेली आईही आठवीतल्या मुलीच्या बरोबरीने तो खेळू शकते.

येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. चित्रावरून मनाचे निदान करणे हे प्रशिक्षित तज्ज्ञाचे काम आहे. काळा रंग म्हणजे दुःख, असे ठोकताळे आपण बांधू नयेत. मूल दीर्घकाळ गप्प वा भयभीत असेल, तर तज्ज्ञाकडेच जावे. मात्र शेजारी बसून चित्र काढण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही.

पालकांना आमची विनंती एवढीच: पुढील भेटीस एक मोठा कागद आणि दोन रंगीत खडू सोबत आणावेत. मुलाचे चित्र सुधारू नये. ‘हे काय काढलेस?’ असे दरडावून न विचारता ‘याविषयी मला सांग’ असे म्हणावे आणि मग निवांत ऐकावे.