आजोबांची पंप बंदूक : कारागिराआधी परवाना

प्रश्न : आजोबांनी घेतलेली विंचेस्टर कंपनीची मॉडेल १२ ही बारा बोअरची पंप बंदूक आमच्या घरी आहे. परवाना वडिलांच्या नावावर होता. ते गेल्या वर्षी वारले. तेव्हापासून बंदूक कपाटातच आहे. पुढची मूठ मागे ओढताना अडकते आणि रिकामं काडतूस कधी बाहेर पडतं, कधी आतच राहतं. गावात सैन्यातून निवृत्त झालेले एक आर्मरर आहेत. घरी येऊन सगळी खोलून नीट करून देतो म्हणतात. विकायची नाही, वडिलांची आठवण म्हणून चालू ठेवायची आहे. चांगला कारागीर कसा शोधावा? आणि नादुरुस्त बंदुकीला परवाना लागतो का?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : कारागिराकडे वळण्याआधी एक गोष्ट तातडीने करा. परवाना वडिलांच्या नावाचा होता, त्यामुळे आज ती बंदूक तुमच्या ताब्यात असण्याला कायद्याचा आधार नाही. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम २१नुसार ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायला हवी होती. विनापरवाना बंदूक बाळगल्यास २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे. तुमचा हेतू वाईट नाही हे मी जाणतो, तरीही उशीर वाढवू नका. वकिलाला सोबत घ्या, मृत्यू दाखला आणि वडिलांचा मूळ परवाना जोडून अर्ज द्या, बंदूक जमा करा आणि पोच घ्या. जमा केली म्हणजे गमावली असं नव्हे. परवाना मिळाला की वारसाला ती परत मिळण्याचा हक्क त्याच कलमात आहे. मात्र त्याला मुदत असते, म्हणून परवान्याचा अर्ज लगेच करा.

माझा सल्ला विक्रेत्याकडे जमा करण्याचा आहे, आणि तोही दुरुस्तीचा परवाना असलेल्या. कोकणच्या हवेत वर्षभर न पुसलेल्या नळीला गंज धरतो. जाणत्या हाताखाली राहिली तर निदान तेल तरी लागेल.

वारसासाठी शस्त्र नियम २०१६मध्ये स्वतंत्र तरतूद आहे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे तुमच्या बाबतीत ओरोसला करायचा. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहणाऱ्यांनी तो आयुक्तांकडे करावा. भावंडं असतील तर त्यांचं ना हरकत पत्र आधीच घेऊन ठेवा. बरेच अर्ज याच कागदासाठी अडतात. तुमच्या नावावर आधीच दोन शस्त्रं असतील तर मात्र तिसरं मिळणार नाही. २०१९पासून मर्यादा दोनची आहे आणि वारशाने आलेलं शस्त्रही तिच्यात मोजलं जातं.

नादुरुस्त बंदुकीबद्दल समाजात मोठा गैरसमज आहे. कलम ४५मधली सूट कालबाह्य, पुराणवस्तूचं मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्राला आहे खरी, पण ते दुरुस्त करूनही चालणार नसेल तरच. तुमची बंदूक साफसफाई आणि एखाद्या स्प्रिंगने चालू होईल. तिला परवाना लागतोच.

आता आर्मरर. त्यांच्या हाताबद्दल मला शंका नाही. सैन्यात शिकलेला माणूस या कामात अनेक दुकानदारांना मागे टाकेल. पण कलम ५प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती हेच परवान्याचं काम आहे. परवान्याशिवाय दुरुस्ती केल्यास किमान सात वर्षं ते जन्मठेप इतकी शिक्षा आहे. त्या सज्जन माणसाला या संकटात घालू नका. तुम्ही स्वतः वरून पुसणं, नळीत ब्रश फिरवणं, तेल लावणं वेगळं. ते परवानाधारकाने करावंच.

कारागीर शोधायचा तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या जिल्ह्यांतल्या परवानाधारक विक्रेत्यांची चौकशी करा. परवान्यात फक्त विक्री आहे की दुरुस्तीही, हे विचारा. मग उडत्या तबकड्यांवर नेम धरणाऱ्या ट्रॅप-स्कीटच्या नेमबाजांना विचारा. बारा बोअरच्या बंदुका त्यांच्या रोजच्या हाताळणीतल्या, त्यामुळे कोणाचं काम टिकतं हे त्यांना ठाऊक असतं. तिथेही एक भेद पाळा. आपल्याकडे दुनळी बंदुकीचे जाणकार पुष्कळ भेटतील, पंप बंदुकीची यंत्रणा निराळी. ‘मॉडेल १२ आधी उघडली आहे का?’ असं थेट विचारा. १९१२ साली बाजारात आलेल्या या बंदुकीची नळी काढता येते आणि जोडाची झीज भरून काढायला तिथे फिरवून बसवायची कडी असते. या कडीबद्दल जो बोलू शकत नाही, त्याच्या हाती स्क्रू ड्रायव्हर देऊ नका.

तपासणीत तीन गोष्टी आवर्जून करवून घ्या. बोल्ट पूर्ण बंद होऊन घट्ट बसतो का आणि काडतुसामागे फट वाढली आहे का. नळीला फुगवटा किंवा आतून गंजाचे खड्डे आहेत का. आणि चेंबरची लांबी मोजून घ्या. जुन्या बंदुकांचं चेंबर आजच्या ७० मिलिमीटर काडतुसापेक्षा आखूड असू शकतं. काडतूस आत जातं, पण उडताना त्याचं तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. शिवाय या मॉडेलमध्ये घोडा दाबून धरला आणि मूठ पुढे ढकलली तर गोळी सुटते. तो बिघाड नसून मूळ रचना आहे. घरातल्या प्रत्येक हाताळणाऱ्याला हे माहीत असलंच पाहिजे.

बंदुकीवरचा क्रमांक परवान्यातल्या क्रमांकाशी ताडून पाहा. नवी काळी झळाळी आणायच्या नादात पॉलिश करताना क्रमांक घासला गेला, तर कलम ८प्रमाणे तो तुम्हीच पुसला असं गृहीत धरलं जातं. म्हणून कामाआधी फोटो काढा आणि ‘क्रमांकाला हात लावू नये’ असं पावतीवर लिहून घ्या. नळी तर मुळीच कापू देऊ नका. परवान्याशिवाय नळी आखूड करणं हा स्वतंत्र, गंभीर गुन्हा आहे.

परवाना झाल्यावर बंदूक स्वतः न्यावी हे उत्तम. जमत नसेल तर परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरी व्यक्ती ती दुरुस्तीसाठी नेऊ शकते. कुरिअरने पाठवू नका.

इतर वाचकांना एक विनंती. ज्यांच्या घरी वडिलांच्या नावावर बंदूक आहे, त्यांनी त्यांच्या हयातीतच हालचाल करावी. परवानाधारकाने वयाची ७० वर्षं पूर्ण केली किंवा शस्त्र २५ वर्षं बाळगलं, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा तो आपल्या वारसाचं नाव सुचवू शकतो. तो अर्ज आजच लिहायला घ्या.